नानांसाठी कोण रडलं

॥ श्री ॥

कोळंबवाडी, ता. देवगड
८ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. नलिनीस,
लवूनानाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ पोचला. लाडू फोडायला मला वरवंटा घ्यावा लागला, पण सख्ख्या पुतणीच्या हातचे म्हणून गोड मानून घेतले. मास्तरीणबाईंना गणित येतं, पाक येत नाही. तुझे बाबा, म्हणजे आमचा दादू, आज असता तर त्यानेही हे कबूल केलं असतं. जावईबापू राजाराम यांचे दात शाबूत असतील अशी आशा आहे.

आता कामाचं. गेल्या मंगळवारी मी अंगणात सुपारी सोलत बसलो होतो. एकाएकी एक कावळा आला आणि माझ्या डोक्यावर बसला. उडता उडता पंख लागला असं नव्हे, चांगला बसला. टक्कल गुळगुळीत, म्हणून नखं रोवून तोल सावरला आणि मग गेला. जानकीआक्का पडवीतून बघत होती. तिने अशी बोंब ठोकली की शेजारचे दोघे धावत आले. चार वर्षं मला जेवू घालून बहीण कंटाळली असेल असं मला वाटायचं, पण तिला अजून माझी काळजी आहे असं दिसतं.

डोक्याला कावळा शिवला की वर्ष निघत नाही, असं आक्का म्हणते. तोड एकच. माणूस गेल्याची खोटी बातमी लांब राहणाऱ्या जवळच्यांना कळवायची, त्यांनी ती खरी समजून रडायचं. एकाच्याही डोळ्यांतून खरं पाणी आलं तरी मरण फसतं आणि परत जातं. मग खरं काय ते सांगून साखर वाटायची. इथे वाडीत सगळ्यांना कावळ्याची हकीकत ठाऊक. आणि तसंही गावात रडण्याजोगं उरलंय कोण? अर्धी वाडी भांडुपला, उरलेली मुलुंड-अंधेरीला. म्हणून हे काम तुझ्याकडे सोपवतो.

तू हसशील. हस. गिरणीच्या गेटवर लाल बावट्याखाली उभं राहून असल्या खुळचट समजुतींवर मी किती भाषणं ठोकली, ते तुला माहीत आहे. पण पोरी, चार दिवस घास उतरत नाही. आक्का ताट वाढते आणि मी त्याच्याकडे बघत बसतो. त्रेसष्टाव्या वर्षी भीती वाटते हे सांगायला दुसरं माणूस नाही, म्हणून तुला सांगतो.

लोभ आहेच, तो मी मेल्याचं सगळ्यांना सांगून होईपर्यंत तरी आटू देऊ नये.
तुझा,
लवूनाना

---

॥ श्री ॥

भांडुप
१५ फेब्रुवारी १९८७

ती. स्व. नानांस (कै. लिहायला अजून हात धजत नाही),
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की मोठ्या बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. त्याच सकाळी मी चौथीच्या वर्गाला कावळा हा निसर्गाचा सफाई कामगार आहे असं शिकवलं होतं. तो सफाईला तुमच्याच टकलावर का बसला, याचं उत्तर पुस्तकात दिलेलं नाही.

पण घास उतरत नाही हे वाक्य मी दोनदा वाचलं. नाना, हे काम मी करते. दोन अटी आहेत. ज्याला खोटं सांगेन त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगणार. आणि हे पत्र मिळेल त्या दिवसापासून तुम्ही जेवायचं, मरण फसेपर्यंत वाट बघायची नाही. आक्काआत्याला मी वेगळं कार्ड टाकलं आहे, तेव्हा थापा चालणार नाहीत.

यादी केली. मला आधीच माहीत असल्यामुळे मी बाद. हे म्हणाले, मी रडतो. पण हे ऑफिसच्या नाटकात दर वर्षी रडतात, ते धरता येणार नाही. उरले तिघे. मुलुंडची सोनूआत्या, अंधेरीचा तुमचा साहेब भाचा चंद्रप्रकाश आणि साकीनाक्याचा शिवदास, ज्याला तुम्ही स्वतः मुंबईला आणून कारखान्यात चिकटवलंत. त्याच्यावर माझी फार भिस्त आहे.

आणखी एक नाव मनात आहे, तुमच्या गिरणीतल्या दोस्ताचं. दशरथकाका. लहानपणी बाबा आम्हाला छाती फुगवून सांगायचे की आमच्या लवूने दशरथच्या घरी जेवायला सुरुवात केली, म्हणून गावकीने त्याला खोलीतून ट्रंकेसकट बाहेर काढलं, तरी तो शेवंतीवहिनींच्याच हातचं जेवत राहिला. पूर्वी तुमच्या प्रत्येक पत्रात दशरथ असायचा. संपानंतर तुम्ही गावी गेलात आणि ते नावच गेलं. काय बिनसलं ते मला कुणी सांगितलं नाही. त्यांना बातमी कळवू का?

आशीर्वाद आहेतच, त्यात पोटभर जेवल्याच्या बातमीची भर घालावी.
आपली,
नलिनी

---

॥ श्री ॥

कोळंबवाडी
२१ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. नलिनीस, अनेक आशीर्वाद.

काल अर्धी भाकरी खाल्ली. आक्का साक्षीला आहे. तू शाळेत मुलांना अशीच धाकात ठेवत असशील तर बिचारी पास तरी होत असतील.

यादी बरी आहे. सोनूबाईला आधी पाणी प्यायला दे, ती गळा काढायला लागली की आख्खी इमारत गोळा करते. चंद्रप्रकाशला इंग्रजीतून सांगावं लागेल.

दशरथला कळवू नकोस. तो घाटकोपरला मुलाकडे असतो, पत्ता तुझ्याकडे आहेच. चूक त्याची नाही. त्र्याऐंशी साली शेवंतीवहिनी गेल्या, त्याने मला कार्ड टाकलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. गेलो नाही आणि दोन ओळीही लिहिल्या नाहीत. अशा माणसासाठी त्याने का रडावं?

खरं सांगू? पत्र बंद करायला घेतलं होतं, ते पुन्हा उघडलं. बाकी तिघं रडली काय आणि न रडली काय, मला एवढंच जाणून घ्यायचं आहे की दशरथच्या डोळ्यांत पाणी येतं का. नाही आलं तर कावळ्याचं काय ते कावळा बघेल. जा आणि सांग त्याला.

तुझा,
लवूनाना

---

॥ श्री ॥

भांडुप
८ मार्च १९८७

ती. स्व. नानांस, शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मरणाची हकीकत क्रमवार सांगते. आधी बसून घ्या.

सोनूआत्याकडे गेले ती नेमकी रविवारी सकाळी. टीव्हीवर मालिका चालू होती, शेजारची दहा माणसं जमिनीवर बसलेली. ती संपेपर्यंत मला बोलूच दिलं नाही. मग बातमी सांगितली, तर म्हणाली, सुटला बिचारा. त्यानंतर स्वतःच्या गुडघ्यांबद्दल पाऊण तास बोलली आणि शेवटी गुडघ्यांसाठी रडली. दुसऱ्या दिवशी खरं सांगितल्यावर मात्र भडकली, कारण तुमच्यासाठी तिने डोक्यावरून गार पाण्याची अंघोळ केली होती आणि तिला पडसं झालं होतं.

चंद्रप्रकाशने फाइल मिटली, मान खाली घातली, फार वाईट झालं म्हणाला. मग तेरावा दिवस कोणत्या वारी येतो ते कॅलेंडरवर पाहिलं आणि शनिवारी जमवता येईल का असं विचारलं. शिवदास सर्वांत बरा. त्याने लेथ बंद केलं, हाताखालच्या चारही कामगारांना उभं केलं आणि एखादा पुढारी गेल्यासारखी तुमच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. मग घड्याळ बघून लेथ चालू केलं. डोळे कोरडे, पण तुम्ही एवढे मोठे होतात हे मला तिथे कळलं.

आता दशरथकाका. नाना, हे लिहायला आठ दिवस लावले. दार त्यांच्या सुनेने, उत्तराने उघडलं. काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कधी गेला असं विचारलं. मी दिवस ठरवायला विसरले होते, म्हणून परवा असं काहीतरी बोलले. त्यावर ते फक्त बरं म्हणाले. उत्तराला चहा टाकायला सांगितला आणि मला तो पूर्ण प्यायला लावला. मरणाची बातमी आणणाऱ्याला कुणी चहा पाजतं का? मग मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले, वाटेत मुलांच्या परीक्षांची चौकशी केली. तुमचं नाव एकदाही घेतलं नाही.

मला फार राग आला आणि तुमच्यासाठी वाईट वाटलं. त्या रागात दुसऱ्या दिवशी खरं सांगायलाही गेले नाही. तुमच्याशी खोटं बोलायचा विचार केला होता, पण तुम्ही ओळखलं असतंत.

जेवण सोडू नका, एवढंच मागणं.
आपली,
नलिनी

---

॥ श्री ॥

कोळंबवाडी
१४ मार्च १९८७

चि. सौ. नलिनीस, अनेक आशीर्वाद.

दोन मिनिटं शांतता ही मोठी गोष्ट झाली. गिरणीत माझ्यासमोर कुणी अर्धं मिनिटही गप्प बसत नसे. सोनूबाईला आल्याचा काढा पाठवतो म्हणून सांग, आणि चंद्रप्रकाशला सांग की मी शक्यतो शनिवार बघून मरेन.

दशरथवर रागावू नकोस. त्याने केलं ते बरोबर केलं. तुला वाटेल नाना आळशी, कार्ड टाकायचं राहून गेलं असेल. राहून गेलं नव्हतं. चार कार्डं लिहिली आणि चारही फाडली. सभेत मी तासभर बोलत असे, पण त्या कार्डावर तिसऱ्या ओळीला हात थांबायचा. महिना गेला, मग उशीर झाल्याची लाज वाटली, मग लाजेचीच सवय झाली. लोकांना वाटतं संपाने मला गावी पाठवलं. संपाने पाठवलं खरं, पण परत मुंबईला पाय न ठेवायला लावलं ते या न लिहिलेल्या कार्डाने.

आता एकच कर. त्याच्याकडे जा आणि लवू जिवंत आहे हे सांग. तुला घराबाहेर काढलं तर मुकाट्याने ये. मी जेवतो आहे. चव लागत नाही, पण जेवतो.

तुझा,
लवूनाना

---

घाटकोपर
२२ मार्च १९८७

लवू,
जयभीम.

काल तुझी पुतणी पुन्हा आली. काका, नाना जिवंत आहेत असं मान खाली घालून म्हणाली. मी म्हटलं, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पोरगी गुणी आहे, पण खोटं बोलायचं शिक्षण कमी पडलं. सख्ख्या काकाच्या मरणाची बातमी घेऊन आली ती केसांत अबोलीची वेणी माळून. सुतकातली बाई फुलं माळते होय रे? वर दिवस सांगता येईना. तेव्हाच म्हटलं, कोकण्याला पुन्हा कावळा शिवला.

पुन्हा म्हणतो, कारण त्रेपन्न साली गिरणीच्या आवारात तुला शिवला होता तेव्हा बातमी घेऊन कुर्ल्याला तुझ्या मामांकडे कोण गेलं होतं? मीच. ते धाय मोकलून रडले आणि दुसऱ्या दिवशी खरं सांगितल्यावर छत्री घेऊन माझ्यामागे लागले. एका जन्मात एकाच माणसाचं दोनदा मरण, हा तुझा जुना धंदा आहे. म्हणून पोरीला चहा पाजला. जिवंत माणसासाठी कसं रडणार?

पण ऐक. तिला बसमध्ये बसवून परत येताना डोक्यात आलं की पुढच्या खेपेला बातमी खरी असेल. तेव्हा ती माझ्याकडे कोण आणणार? मी तुझ्या भावकीत नाही, सोयऱ्यांत नाही. चार-सहा महिन्यांनी एखादा जुना गिरणीवाला रस्त्यात भेटला तर त्याच्याकडून कळणार. तिथेच जिन्यात बसलो आणि डोळ्यांना धार लागली. उत्तराने विचारलं तर डोळ्यांत काही गेलं म्हणून सांगितलं. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून मी असलं काही मानत नाही. पण तुझ्या त्या कावळ्याला हे पाणी चालत असेल तर घे.

आता दुसरं. नलिनी जाताना तुझं पत्र माझ्या टेबलावर विसरून गेली. विसरली नाही, ठेवून गेली. चार कार्डं फाडलीस म्हणे. शेवंतीने शेवटच्या आठवड्यात दोनदा विचारलं, कोकण्याला कळवलं का. ती गेल्याचं कार्ड टाकल्यावर मी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात बसायचो. लेका, एका कावळ्यासाठी साऱ्या मुंबईला कामाला लावलंस आणि तिच्यासाठी तुझ्याकडे दोन ओळी नव्हत्या. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

पाचवं कार्ड लिही. जमेल तसं लिही, पण फाडू नकोस.

दशरथ

---

कोळंबवाडी
२९ मार्च १९८७

प्रिय दशरथ,
जयभीम.

शेवंतीवहिनी गेल्याचं तुझं कार्ड मिळालं. माझ्या उत्तराला तीन वर्षं चार महिने उशीर झाला.

वहिनींच्या हातचं मी तेहेतीस वर्षं जेवलो. लोकांनी त्याची गोष्ट केली. गावकीने मला खोलीबाहेर काढलं ते सगळ्यांना माहीत, दादू ते आपल्या पोरांना सांगायचा, सभेतसुद्धा माझं उदाहरण द्यायचे. ती गोष्ट खरी आहे. पण तिचा पहिला दिवस मी कुणाला सांगितलेला नाही.

एकोणपन्नास साल. मी साच्यावर कापड विणत होतो, तू रिंगखात्यात सूत कातत होतास. तुला साच्यावर घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तुझ्या तोंडाला लागलेला धोटा बाकीच्यांना चालला नसता. त्यावरच मी गेटवर बोललो, की कामगारांनी एका पंगतीत जेवलं पाहिजे. सभा सुटल्यावर तू पुढे येऊन म्हणालास, चल मग आमच्याकडे. मला नाही म्हणता येईना.

वहिनींनी भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. तू नळावर पाणी आणायला गेलास. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तोंडापर्यंत जाईना. माझ्या आईचा आवाज कानात येत होता. मी भाकरी सदऱ्याच्या आत कोंबली, हात धुवायच्या निमित्ताने खाली गेलो आणि जिन्याखालच्या मोरीत टाकली. वर पाहिलं तर वहिनी वरच्या पायरीवर उभ्या. हातात माझ्यासाठी गुळाचा खडा होता. मी वर आलो, तेव्हा त्यांनी तो गूळ माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पायाने आलो, शरमेने आलो. त्यांनी ताटात दोन भाकऱ्या वाढल्या. मी दोन्ही खाल्ल्या. नंतर त्यांच्या भाकरीशिवाय मला दुसरी गोड लागली नाही, हेही खरं. आक्काला सांगू नकोस.

कार्डावर मी लिहायचो, वहिनींनी मला पाठच्या भावासारखं जेवू घातलं, आणि ती मोरी डोळ्यांसमोर यायची. ते लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहिणं खोटं, आणि ते तुला लिहवेना. त्या होत्या तेव्हा माफी मागायला तेहेतीस वर्षं होती. मी ती जेवण्यात घालवली. मला त्यांची फार आठवण येते, दशरथ. त्या गेल्याचं दुःख मी एकट्याने केलं. तुझ्याजवळ बसून करायला हवं होतं.

वहिनींनी तुला हे कधी सांगितलं होतं का? नसेल, तर आता तुला कळलं. तुझ्या दारात मी नको असेन तर तसं लिही, मी समजून घेईन. बोलावलंस तर येतो.

तुझा,
लवू

---

घाटकोपर
३ एप्रिल १९८७

लवू,
जयभीम.

सोमवारची एस.टी. धर. किती वाजता पोचते ते कळव, उतरवून घ्यायला येतो. उत्तराला सांगून ठेवलं आहे.

शेवंतीने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी तडकलो, त्याला उद्यापासून उंबऱ्यात उभा करणार नाही म्हणालो. तर ती म्हणाली, येऊ द्या त्याला. उद्या दोन भाकऱ्या वाढते. एक टाकायला, एक खायला.

तुझा,
दशरथ